पुसलेला हात

दहा दिवसांचे मूल स्वतःच्या दोन तळहातांवर हनुवटी टेकवून झोपू शकत नाही. ज्या घरात एकदा तरी पाळणा हलला आहे, त्या घरात हे सांगायची वेळ येऊ नये. पण आली आहे. आमच्या बेळगावात खडेबाजारातून टिळकवाडीकडे येताना वाटेतल्या फोटो स्टुडिओंच्या काचांकडे जरा थांबून पाहा. बाळ पोटावर पालथे, कोपरे खाली टेकलेली, दोन्ही पंजे हनुवटीखाली, डोक्यावर लोकरीची टोपी, डोळे मिटलेले आणि ओठांवर मंद हसू. जणू बाळराजे कचेरीतून दमून आले आणि टेबलावर हात टेकून जरा विसावले. इंग्रजीत या पोझला बेडकाची पोझ म्हणतात. बेडकाला ती जमते, हे खरे.

मराठीत मूल ‘मान धरते’. कानडीत मान ‘उभी राहते’. दोन्ही भाषांनी या एका गोष्टीसाठी वेगळा शब्दप्रयोग राखून ठेवला आहे, कारण ती घडायला तीन-चार महिने लागतात आणि तोवर घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला “मानेखाली हात घाल गं” असे बजावावे लागते. नवजात मुलाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. एवढा भार पेलायला मानेत बळ नसते, मनगटात तर नसतेच. शिवाय त्या वयाचे मूल जरा खुट्ट झाले की दचकते आणि दोन्ही हात फाकवते. म्हणजे ज्या हातांवर डोके ठेवले आहे तेच हात पहिल्या आवाजाला बाजूला जाणार. डोके कुठे जाईल ते सांगायला नको.

मग ते चित्र होते कसे? मुळात तो एक फोटो नसतोच. मूल मऊ गादीवर पालथे ठेवतात. एका फोटोत कोणीतरी वरून बोटांनी त्याचे डोके धरलेले असते, हात हनुवटीखाली. दुसऱ्या फोटोत डोके सोडलेले, पण मनगटे धरलेली. मग संगणकावर बसून पहिल्या फोटोतला खालचा भाग आणि दुसऱ्यातला वरचा भाग एकमेकांना जोडायचे. दोन्हीतले धरणारे हात पुसायचे. फांदीला टांगलेल्या गाठोड्यातले बाळ तुम्ही पाहिले असेल. तेही तसेच. गाठोडे खरे तर गादीपासून चार बोटे वर असते, बाळाखाली हात असतो, आणि फांदी नंतर येते. ते गाठोडेही आपले नाही. युरोपात करकोचा चोचीत धरून मूल आणतो अशी लोकसमजूत आहे, तिथले ते. आपल्या शेतावरच्या बाया झाडाला लुगड्याची झोळी बांधत आल्या, तिच्यात मूल खरोखर निजत असे, आणि झोळीची दोरी कोणाच्या ना कोणाच्या हातात असे.

हे सगळे करणारी फोटोशॉप नावाची प्रणाली नोल नावाच्या दोन भावांनी लिहिली. ती १९९० साली बाजारात आली. तेव्हापासून तिच्यात एकेक हत्यार वाढत गेले. २००० साली शरीर लोण्यासारखे इकडून तिकडे सरकवण्याचे आले, २००२ साली डाग भरून काढणारा ब्रश आला. २०१० साली जे आले त्याचे नावच पाहा: पपेट वार्प. फोटोतल्या हातापायाच्या सांध्यांवर टाचण्या टोचायच्या आणि टाचणी ओढली की हात वळतो, पाय दुमडतो. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली. इथून घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलात तर ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या पाहायला मिळतील. तिथे दोरी दिसते. दोरी दिसते म्हणूनच तो खेळ आहे, आणि बाहुली लाकडाची आहे. २०२३ पासून तर नुसते शब्दांत सांगितले तरी संगणक फोटोतली रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरून देतो. आता हात पुसायलाही हात लागत नाही.

फोटोग्राफर मंडळी आता म्हणतील, बाई, आम्ही जोडतो म्हणून तर मूल सुरक्षित राहते. न जोडता काढायचा म्हणजे बाळाला खरेच तोलून बसवावे लागेल. अगदी मान्य. जो फोटोग्राफर दोन फोटो काढतो, खोली ऊबदार ठेवतो, शेजारी माणूस बसवतो आणि मूल रडले की पोझ सोडून देतो, तो आपले काम जाणतो. माझे भांडण धरणाऱ्या हाताशी नाही. तो हात पुसून टाकायचा, आणि पुसला हे कोणालाही सांगायचे नाही, याच्याशी आहे. कारण काचेतला फोटो पाहून रस्त्यावरच्या माणसाला एवढेच कळते की दहा दिवसांचे मूल असे बसते.

रिटचिंग आपल्याला नवीन नाही. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने सुरकुत्या भरणारे कारागीर होते. कृष्णधवल फोटोवर रंग चढवणारे होते. जुन्या घरांच्या माजघरात टांगलेले आजोबांचे फोटो नीट पाहिले तर कोट एका माणसाचा आणि मान दुसऱ्याची, असे बरेचदा आढळते. आजोबांनी आयुष्यात एकदाच, कोणाच्या तरी लग्नात, घोळक्यात उभे राहून फोटो काढलेला असायचा. ते गेल्यावर स्टुडिओवाला तेवढे डोके कापून घ्यायचा, कोट-पगडी रंगवून द्यायचा आणि आपण त्याला हार घालायचो. ते सोंग सगळ्यांना ठाऊक होते आणि ज्याच्यासाठी केले तो माणूस उरलेला नव्हता. आमच्याकडे रिटचिंग मेलेल्यांसाठी होते. आता ते जन्मलेल्याच्या दहाव्या दिवशी सुरू होते.

आणि धरणाऱ्याला लपवणेही नवे नाही. एकोणिसाव्या शतकात फोटोला काही सेकंद स्थिर राहावे लागे आणि तान्हे मूल काही ते राहत नाही. म्हणून विलायतेत आणि अमेरिकेत आईलाच खुर्चीसारखे बसवत, तिच्यावर डोक्यापासून काळे कापड किंवा पडदा टाकत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवत. चौकटीत फक्त मूल दिसावे, एवढाच हेतू. पण ते जमत नसे. कापडाखाली बाईचा आकार दिसतो, कुठे मूठ बाहेर आलेली असते, कुठे कडेला कोपर राहून गेलेले असते. लिंडा फ्रेन्यी नागलर या कलावंत बाईंनी असे ९९७ फोटो जमवले आणि २०१३ साली व्हेनिसच्या बिएनाले प्रदर्शनात मांडले. त्या फोटोंत आई बुजगावण्यासारखी दिसते, पण ती तिथे आहे. बाजूला सारता सारता राहिलेली आहे. आजच्या प्रणालीने ती उरलेली मूठही साफ केली. दीडशे वर्षांची प्रगती म्हणायची ती हीच!

माझ्या नातीचा फोटो गेल्या वर्षी असाच काढला. जावईबापू धारवाडचे, कानडी घरातले; त्यामुळे पोरीला इकडे आजी आणि तिकडे अज्जी. बारसे झाले, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पोरांच्या हट्टापायी आम्ही सगळे एका स्टुडिओत गेलो. सव्वा महिना उंबरा न ओलांडणाऱ्या बाळंतिणीला चौदाव्या दिवशी रिक्षात घालून न्यायचे, कारण ही पोझ म्हणे पहिल्या दोन आठवड्यांतच जमते, पुढे मूल गाढ निजत नाही. स्टुडिओत एकच पोरगा. मदतनीस रजेवर. “आज्जी, तुम्हीच जरा डोस्कं धरा की,” म्हणाला. मी धरले. अंगठा डाव्या कानावर, दोन बोटे टाळूच्या मागे. हीटरच्या उकाड्यात अर्धा तास. ती दोनदा दचकली, दोन्ही वेळा तिचे हात फाकले आणि दोन्ही वेळा ते ऊन, जड डोके सगळेच्या सगळे माझ्या बोटांवर आले.

आठवड्याने फोटो आला. माझा हात नव्हता. ते अपेक्षितच होते. पण गालावरची तीटही नव्हती. माझ्या विहीणबाईंनी तो फोटो हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “दृष्टिबोट्टु एल्लि?” मी त्या पोराला विचारायला गेले. तो अभिमानाने म्हणाला, “डाग काढून दिलोय की आज्जी. त्याचे पैसे काय घेतलो नाही.” आता याला काय म्हणावे? काजळाचे बोट आपण मुद्दाम लावतो, मूल अगदी निर्दोष दिसू नये म्हणून. मराठी आजी गालावर लावते, कानडी अज्जी वर तळपायालाही लावते. दृष्ट खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवा. या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बायकांचे एकमत आहे, की मुलाच्या तोंडावर एक खोट असू द्यावी. प्रणालीला ती खोट म्हणजे चूक वाटली.

आणखी एक. माझ्या अंगठ्याखाली झाकलेला कान त्याने कोठून आणला? उजव्या कानावरून उचलून, उलटा करून बसवला. पोरीच्या डाव्या कानाच्या पाळीला वर एक बारीक मुरड आहे, तशीच तिच्या धारवाडच्या आजोबांना आहे. जन्मल्या दिवशी ती पहिल्यांदा त्यांनीच पाहिली आणि घरभर दाखवत सुटले. फोटोत ती नाही. भिंतीवर टांगला आहे तो कान कोणाचाच नाही.

“अहो, फोटो तर आहे! कोणाचे काय बिघडते?” हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याला एक सविस्तर उत्तर देणे भाग आहे. पालथे झोपणे हे नवजात मुलासाठी धोक्याचे आहे, ही आता वादाची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली, मुलांना पालथे निजवू नका, असे सांगितले. १९९४ पासून तिथे उताणे निजवण्याची मोहीम देशभर चालली आणि पाळण्यात अचानक होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढच्या दहाएक वर्षांत निम्म्याच्याही खाली आले. औषध नाही, यंत्र नाही. फक्त मूल उलटे न ठेवता सुलटे ठेवले. एवढ्या कष्टाने शिकवलेली गोष्ट, आणि आपण प्रत्येक काचेत, प्रत्येक कॅलेंडरवर नेमके पालथे निजलेले, गळ्याशी मण्यांची माळ आणि तोंडाजवळ फर असलेले मूल टांगून ठेवतो, तेही हसतमुख. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने मोबाइलवरच्या अशाच फोटोवरून घरी प्रयोग केला. उशीवर मूल, मुलाखाली हात, आणि दोन्ही हात फोन धरायला. डोके घसरले, नाक उशीत गेले. सासू तिथेच होती म्हणून लगेच उचलले, काही झाले नाही. ती पोर काही अडाणी नाही, शिकलेली आहे. पण फोटोत दुसरा हात दिसत नाही, तो तिला दिसणार कोठून?

रंगाचेही बोलायला हवे, कारण पोझ सरळ करता करता रंगही सरळ होतो. नवजात मूल लाल असते, कधी जांभळट, कातडी सोललेली, नाकावर पांढरे दाणे, कपाळावर लव. पूर्ण दिवसांच्या दर दहा मुलांपैकी सुमारे सहा जणांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते; बहुतेकांची आपोआप ओसरते, काहींना दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवावे लागते. हा पिवळेपणा तोंडावरून खाली उतरत जातो, तळहात-तळपाय पिवळे झाले म्हणजे उशीर न करता डॉक्टर गाठायचा. म्हणून जाणत्या बाया मुलाला खिडकीपाशी नेऊन, कातडी बोटाने दाबून पाहतात. त्या आठवड्यात मुलाचा रंग म्हणजे बातमी असते. आणि आपण काय करतो? तीच बातमी गुलाबी करून पुण्याच्या मावशीला पाठवतो आणि मावशी म्हणते, “बाई बाई, काय गोरीपान आहे!” पाठीवरचे, कुल्ल्यावरचे निळे-करडे डागही असेच जातात. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना ते जन्मतः असतात, चार-पाच वर्षांत फिके होतात. पण अनोळखी डॉक्टर कधी त्यांना माराचे वळ समजतो. अशा वेळी जन्माच्या आठवड्यातला न पुसलेला फोटो उपयोगी पडला असता.

गोरेपणाचा हव्यास प्रणालीने आणला नाही, हे मी जाणते. आमच्याच आज्यांनी डाळीच्या पिठाने लव काढली, नाक चिमटीत धरून सरळ केले, डोके गोल व्हावे म्हणून दाबले. तेव्हा कोणी म्हणेल की फोटोशॉप तुमच्या न्हाणीघरातच होते. होते खरे. डॉक्टर आता ते करू नका म्हणतात आणि बरोबर म्हणतात. पण एक फरक सोडू नका. आजी नाक ओढायची तेव्हा मूल किंचाळायचे आणि आजीला ते ऐकू यायचे. संगणकावर कान बदलताना कोणी किंचाळत नाही.

दुसरे एक गृहस्थ मला म्हणाले, मग बाळकृष्णाचे काय? वडाच्या पानावर निजून पायाचा अंगठा चोखणारा तो बाळमुकुंद, तीही पोझच ना? छान प्रश्न आहे. पण ते चित्र आहे, आणि ते चित्र आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. वडाचे पान मुलाला पेलते असे कोणी आई त्यावरून समजत नाही. आणि गंमत अशी, की ती पोझ खरी आहे. पाच-सहा महिन्यांचे कुठलेही मूल आपला पाय आपणच पकडून तोंडात घालते, त्याला कोणी शिकवत नाही, कोणी धरत नाही. ज्याने कोणी ते रूप प्रथम रेखाटले त्याने मूल पाहिले होते. बेडकाची पोझ बसवणाऱ्याने मूल पाहिलेले नाही, फक्त दुसरा फोटो पाहिला आहे.

फ्रान्समध्ये २०१७ च्या ऑक्टोबरपासून जाहिरातीतल्या मॉडेलचे शरीर संगणकावर जाड-बारीक केले असेल तर ‘रिटच केलेला फोटो’ असे त्यावर छापावे लागते. नॉर्वेने २०२२ च्या जुलैपासून तसाच नियम केला. का, तर कोवळ्या पोरी ते पाहून उपाशी राहतात. वीस वर्षांच्या, हौसेने पैसे घेऊन उभ्या राहिलेल्या मॉडेलसाठी कायदा, आणि जिला अजून मान धरता येत नाही तिच्यासाठी काहीच नाही! मी इथे कायदा मागत नाही. आमच्या जिल्ह्यात पाटीवर कोणती भाषा वर यावी याचेच कायदे पुरून उरले आहेत.

स्टुडिओवाल्यांकडे मात्र माझे साधे मागणे आहे. जोडलेला फोटो द्या, हौस असते, मीही नाही म्हणत नाही. पण त्यासोबत न पुसलेला एक फोटो द्या, हातासकट. काचेत लावाल तर दोन्ही शेजारी शेजारी लावा. धरणारा दुसरा माणूस नसेल त्या दिवशी ही पोझ काढू नका, गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. तीट पुसू नका. आणि आईबापहो, तुम्ही पैसे मोजता तेव्हा मूळ फोटो मागून घ्या. तो देणे त्यांना जड नाही, संगणकात पडूनच असतो. मी मागितला. त्याला आश्चर्य वाटले, पण दिला. त्याच्या मागे मी तारीख आणि ‘डोके धरले आजीने’ असे दोन्ही लिप्यांत लिहून ठेवले आहे, मराठीत मी आणि कानडीत विहीणबाईंनी.

राहता राहिले संपादक महाशय. या अंकाच्या जाहिरातींच्या पानांत दरवर्षी एखाददुसरी फोटो स्टुडिओची जाहिरात असते, त्यात असेच एखादे बाळ हनुवटीवर हात टेकून बसलेले असते. जाहिरात छापा, अंक त्याच पैशांवर निघतो हे आम्हाला कळते. तेवढे त्या फोटोखाली बारीक टायपात ‘दोन फोटो जोडून केलेले’ एवढे चार शब्द घालता आले तर पाहा. आणि जाहिरातदार नको म्हणाला, तर त्याला माझे हे पान दाखवा.